कोणी कोणाला सांगितलं

“नीट वाचा, बाई. एक अक्षर सोडू नका,” भागीरथीबाई म्हणाल्या आणि पदराआडून एक लांब पाकीट काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

सकाळचे दहा वाजले असतील. मी शाळेत निघायच्या तयारीत होते. भागीरथीबाईंच्या मागे त्यांची मुलगी वनिता उभी होती, कडेवर वर्षाची पोर. दोघी हर्णैच्या पाखाडीवरून, त्या दगडी पायऱ्यांच्या वाटेने, उन्हातून चालत आल्या होत्या. भागीरथीबाईंचा मुलगा काशिनाथ बोटीवर बोसन होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. तो परदेशातल्या एका बंदरात बोट धक्क्याला बांधताना गेला, त्याला तेव्हा सव्वा महिना झाला होता. ताणलेला दोर सुटला आणि त्याच्या छातीवर बसला, एवढंच गावाला कळलं होतं. दोर ओढणारं यंत्र, म्हणजे विंच, त्या वेळी कोण चालवत होतं हेही गावाला कळलं होतं. दिगंबर चोगले. वनिताचा नवरा.

पाकिटात कंपनीचा चार पानी अहवाल होता. तीन पानं बोटीचं नाव, वजन, वारा, समुद्राची स्थिती यांत गेली होती. चौथ्या पानावर दिगंबरचा जबाब होता, टाईप केलेला, खाली त्याची सही. वळणदार मराठी सही. ती मी ओळखली, कारण माझ्याच हजेरीपटावर ती सहा आठवडे दर रविवारी झालेली होती.

मी वाचलं.

“काय लिवलाय?” भागीरथीबाईंनी विचारलं.

“लिहिलंय की सेकंड ऑफिसर पुढे उभे होते. दिगंबर विंचवर होता. ‘मी त्याला म्हणालो, ऑल क्लिअर. मग मी विंच चालू केली.’”

“ऑल क्लिअर म्हंजे?”

“सगळं मोकळं आहे. दोराजवळ कोणी नाही.”

“आनि हा कोन कोनाला बोलला? दिगू सायबाला, का सायब दिगूला?”

म्हातारीने नेमका तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा एकदा ओळ पाहिली. I told him all clear. यात शंकेला जागाच नव्हती.

“दिगंबर साहेबांना म्हणाला,” मी सांगितलं.

भागीरथीबाईंनी पाकीट परत घेतलं, घडी केली. वनिताने मात्र पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली आणि विचारलं, “बाई, सही त्याचीच हाय ना?”

“त्याचीच आहे.”

त्या दिवशी ती नवऱ्याच्या घरी गेलीच नाही. आईबरोबर परस्पर माहेरी गेली.

काशिनाथ आणि दिगंबर दोघेही माझे विद्यार्थी. शाळेतले नव्हेत. बोटीवर जाणाऱ्या पोरांसाठी मी शाळेच्याच एका खोलीत रविवारी सकाळी इंग्रजीचा वर्ग घेत असे. शिक्षकाचं काम म्हणून नव्हे, हौसेने. काशिनाथ हुशार, चटचट बोलणारा. दिगंबर त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मुखदुर्बळ, एकेक शब्द तोलून ठेवणारा. दोघं एकाच कंपनीत लागले. पुढे दिगंबरने काशीला आपली बहीण दिली नाही, उलट काशीचीच बहीण करून घेतली, असं गाव गमतीने म्हणायचं. आणि मग धाकटा काशी बोसन झाला आणि थोरला दिगंबर त्याच्या हाताखाली साधा खलाशी राहिला. दोघांच्यात त्यावरून धुसफूस होती असं म्हणत. खरं किती, कोण जाणे. पण काशी गेल्यावर लोकांना ती धुसफूस लख्ख आठवायला लागली. मासळीच्या लिलावात, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर तोच विषय. आता त्यात माझ्या वाचनाची भर पडली. चार दिवसांत तो कागद न पाहिलेल्या बायकाही त्यातली ओळ घडाघडा म्हणून दाखवत होत्या.

मलाही ती आठवत होती. मी काही वेगळी नव्हते.

मी कागद वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी भागीरथीबाई परत आल्या. या वेळी एकट्या. “माज्याकडून कंपनीला एक पत्र लिवा. इंग्रजीतच. तेला परत बोटीवर चढू देऊ नका म्हनावं.”

मी लिहून दिलं. चांगलं लिहिलं, अगदी पल्लेदार. या माणसाच्या हलगर्जीपणामुळे माझा एकुलता एक मुलगा गेला, तेव्हा त्याची सीडीसी कायमची रद्द व्हावी. सीडीसी म्हणजे खलाशाचा दाखला. तो नसला की कुठल्याच बोटीवर पाय ठेवता येत नाही. ‘It was he who gave the false signal’ हे वाक्य लिहिताना him न लिहिता he लिहिलं याचं मला थोडं बरंही वाटलं, हे आज लपवत नाही. खाली म्हाताऱ्या बाईचा अंगठा घेतला.

दिगंबर माझ्याकडे आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. दारात चप्पल काढून तसाच उभा राहिला. गालफडं बसली होती.

“बाई, तुम्ही वाचलात म्हणे तो कागद.”

“वाचला.”

“मी असं बोललोच नाही.”

“सही तुझी आहे, दिगंबर.”

“हो. सही माझीच.”

“मग?”

“मी हाताने लिहून दिलं होतं. बोटीवरच्या दुसऱ्या एका साहेबाने ते नेलं, दोन तासांनी टाईप करून आणलं आणि म्हणाला, हे तुझंच, फक्त साफ केलंय. मी सही केली.”

“वाचलं नाहीस?”

“वाचलं.” तो खाली बघत होता. “पण काशी तेव्हा खाली केबिनमध्ये चादरीखाली होता, बाई. मला काय वाचलं ते समजलंच नाही.”

बोलणं पटण्यासारखं होतं. इतकं पटण्यासारखं की मला शंका आली. हा तर चार वाक्यं सलग न बोलणारा माणूस. आज एकेक मुद्दा कसा ओळीने आला याच्या तोंडून? कोणी पढवून पाठवलं की काय?

“मग काय लिहिलं होतंस हाताने?”

“मला साहेबाने सांगितलं ऑल क्लिअर. विंचच्या पलीकडचं मला दिसत नाही. मध्ये दोर गुंडाळायचा ड्रम येतो. पुढे साहेब उभा असतो, त्याला दिसतं. तो सांगेल तेव्हा चालू करायची.”

“तो कागद आहे तुझ्याकडे?”

“नाही. माझी सीडीसी काढून घेतलीय, मुंबईला चौकशी आहे. युनियनवाले म्हणतात, त्यासाठी तो कंपनीकडून मागवता येईल.”

“मग तो घेऊन ये. मग बोलू.”

तो निघाला. दारातून वळून म्हणाला, “बाई, तोवर माझ्या सासूला काही सांगू नका. वनिताला पण नको.”

हे मला खटकलं. निर्दोष माणूस उलट म्हणाला असता, आधी जाऊन त्यांना सांगा. आणि माझ्याही मनात एक चोर होताच. दोन दिवसांपूर्वीच्या पत्राबद्दल मी त्याला एक अक्षर बोलले नाही.

तो मुंबईला गेला आणि नवव्या दिवशी आला. एसटीतून उतरून थेट माझ्याकडे. खाकी पाकिटातून त्याने एक झेरॉक्स काढली. रेघांचं पान, त्याचं ते ठळक, दाबून लिहिलेलं अक्षर. वर तारीख. अपघाताच्याच दिवसाची. मी चष्मा लावला.

Second sir stand front. Me told he all clear. I start winch.

मी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला. मला खरोखर राग आला होता.

“दिगंबर, हे काय आणलंस? यात आणि टाईप केलेल्यात फरक काय? त्यांनी तुझं मोडकं इंग्रजी नीट केलं, एवढंच.”

“नाही, बाई.”

“अरे, हे बघ. मी टोल्ड. मी सांगितलं. पुढे ही. तिथे हिम हवं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. तूच साहेबाला सांगितलंस, तुझ्याच हाताने लिहिलंयस!”

“बाई, यात मी असं लिहिलंय,” तो शब्दांवर बोट ठेवत म्हणाला, “की मला... सांगितलं... त्याने.”

नऊ दिवस हा मुंबईत होता. युनियनचा वकील त्याला भेटला होता, हे त्यानेच सांगितलं होतं. कागद हातात आला, तो आपल्याविरुद्ध जातोय हे दिसलं, आणि कोणा हुशार माणसाने ही पळवाट काढून दिली. मला सरळ सरळ तेच दिसत होतं.

“हे तुला कोणी सुचवलं?”

“कोणी नाही.”

“वकिलाने?”

“वकील तर म्हणाला, हा कागद दाखवूच नको.”

हेही खोटं असू शकत होतं. मी त्याला बस म्हटलं, समोर कोरा कागद ठेवला आणि एकामागून एक मराठी वाक्यं सांगायला लागले. इंग्रजीत लिही म्हटलं. त्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही, असं ठरवून.

“मी आईला बोलावलं.”

त्याने लिहिलं, I called mother.

“मला आईने बोलावलं.”

Me called mother.

“त्याला मी पाहिलं.”

Him saw I.

“आम्हाला त्यांनी मारलं.”

Us beat they.

अशी दहा वाक्यं घेतली. दहाही तशीच. कुठे अडखळला नाही, कुठे खोडलं नाही. एखादा साधा मास्तर असता तर तिथेच मान्य केलं असतं. पण मी संशयाने इतकी भरले होते की मला ते दहापैकी दहाच खुपलं. इतकं न चुकता कोणी चुकतं का? पाठ करून आलेला माणूसच असं लिहील.

“ठीक आहे. कागद इथे ठेव. मी बघते,” म्हटलं.

तो उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही फारसं दिसलं नाही. “बाई,” तो म्हणाला, “तुमच्या वर्गात मी एवढंच एक नीट शिकलो होतो.”

तो गेल्यावर मला ते वाक्य टोचत राहिलं. माझ्या वर्गात? मी असलं इंग्रजी शिकवलं? Us beat they? मला ते अपमानासारखं वाटलं. त्याचं खोटं पकडायचंच या ईर्ष्येने मी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली घेतली.

वर्गातल्या पोरांना माझी एक अट असे. बोटीवरून वर्षातून एक तरी कार्ड मला टाकायचं, आणि तेही इंग्रजीत. त्यात दोन-तीन तरी वाक्यं हवीत. बरीच जणं टाकत. मी लाल शाईने चुका दुरुस्त करून ती ठेवून देई. का, ते माहीत नाही. परत कोणाला दाखवायची होती थोडीच. पेटीत पाऊणशे तरी कार्डं होती. दुपारचा चहा राहिला. मी जमिनीवर बसून एकेक बघत गेले.

काशीची सहा निघाली. दिगंबरचं एकच. त्यावर बर्फातल्या लाकडी घरांचं चित्र, नॉर्वेचं तिकीट, वर टपालाचा शिक्का. शिक्क्यावरची तारीख अपघाताच्या चौदा महिने आधीची.

Respected Bai, Here too much cold. Me gave captain one sweater. I gave Kashi my old sweater. Your student Digambar.

ते कार्ड आलं तेव्हाचं मला आठवलं. मी शिक्षकांच्या खोलीत ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. “बघा आमचा दिगंबर, कॅप्टनला स्वेटर वाटत फिरतोय!” सगळे हसले होते. मी Me खोडून त्यावर लाल शाईने I केलं होतं. ती दुरुस्ती आता माझ्या समोर होती.

कोणता खलाशी कॅप्टनला स्वेटर देतो? कॅप्टनने त्याला दिला होता. मला कॅप्टनने एक स्वेटर दिला. म्हणून मी माझा जुना काशीला दिला. एकाच कार्डावर, एकाखाली एक, दोन्ही वाक्यं. ‘मला’ तिथे Me, ‘मी’ तिथे I. अपघाताच्या चौदा महिने आधी त्याला कोणता वकील पढवायला आला होता?

मी तशीच जमिनीवर बसून राहिले आणि हळूहळू मला माझा वर्ग आठवायला लागला.

आपल्या पोरांची इंग्रजीत सगळ्यात आधी जी चूक होते ती तिथली. इंग्रजीतला Me कानाला मराठीतल्या ‘मी’सारखा लागतो. पोरं सर्रास ‘मी गो, मी ईट’ म्हणायची. मला त्याची चीड होती. मी त्यांना उभं करून ओरडून म्हणून घ्यायची. आय म्हणजे मी, आणि मी म्हणजे मला! ही म्हणजे तो, हिम म्हणजे त्याला! जो चुकेल त्याने तास संपेपर्यंत उभं राहायचं. दिगंबर पहिल्याच रविवारी चुकला होता. बावीस-तेवीस वर्षांचा बाप्या, लहान पोरांच्या बाकामागे तास संपेपर्यंत उभा होता. त्यानंतर तो कधी चुकला नाही. ‘मला’ म्हणायचं असलं की मरेपर्यंत Me, ‘तो’ म्हणायचं असलं की He. शब्द त्याने अचूक निवडले होते. फक्त वाक्यात माणसं मराठीसारखी कुठेही, पुढेमागे ठेवली होती, कारण इंग्रजीत कोण आधी आणि कोण नंतर यावर सगळं ठरतं हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. सहा आठवड्यांत रूपं संपवली होती, वाक्य पुढच्या वेळी घेऊ म्हटलं होतं. पुढची वेळ आली नाही. त्याला बोटीचं बोलावणं आलं.

आणि इतकं शिकवून, ऐन वेळी त्या जुन्या सापळ्यात पडले कोण, तर मी. Me वाचलं आणि माझ्या कानाने ‘मी’ ऐकलं.

मी त्याच दिवशी दिगंबरच्या घरी गेले. घर बंद असल्यासारखंच होतं. तो मागे पडवीत एकटा जाळं विणत बसला होता. मी कार्ड त्याच्या पुढे धरलं.

“हा स्वेटर तुला कॅप्टनने दिला होता?”

“हो. निळा. का?”

“दिगंबर, चौकशीला मी येते. साक्षीला.”

त्याने कार्ड हातात घेतलं. मग म्हणाला, “लाल शाईने तुम्ही हे बदललंय.”

“हो.”

“तेव्हा कळवलं असतंत तर मी सुधारलं असतं.”

पत्राबद्दल तेव्हाही मी त्याला सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

चौकशी मुंबईत होती. एका सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, पंखे घरघरणाऱ्या खोलीत. चौकशी अधिकारी बिवलकर नावाचे निवृत्त कॅप्टन होते. मितभाषी गृहस्थ. समोर कंपनीचे वकील. मी दिगंबरचा कागद वाचला, दहा वाक्यांची चाचणी दाखवली, कार्ड दाखवलं, टपालाचा शिक्का दाखवला. बिवलकरांनी कार्ड खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं.

वकिलांनी फार प्रश्न विचारले नाहीत. पहिला विचारला, “मॅडम, तुम्ही त्याच गावच्या?”

“हो.”

“आरोप असलेला माणूस तुमचा विद्यार्थी?”

“मेलेला माणूसही माझाच विद्यार्थी होता.”

“बरं.” त्यांनी फाईलमधून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. “हे अक्षर कोणाचं?”

माझंच पत्र. खाली भागीरथीबाईंचा अंगठा.

“माझं.”

“वाचाल का दुसरा परिच्छेद?”

मी वाचला. It was he who gave the false signal. दिगंबर माझ्या मागे तीन हातांवर बसला होता. त्याला इतकं इंग्रजी नक्की समजत होतं.

“पाच आठवड्यांपूर्वी तुम्ही खात्रीने हे लिहिलंत, आणि आज खात्रीने नेमकं उलटं सांगताय. मधल्या काळात काय बदललं? गावात तुम्हाला कोण कोण भेटलं?”

त्या खोलीतला प्रत्येक माणूस माझ्याकडे कसा बघत होता ते मला अजून आठवतं. मी जवळजवळ दोन आठवडे दिगंबरकडे असंच बघत होते.

“कोणी भेटलं नाही,” मी म्हणाले. “तेव्हा मी फक्त टाईप केलेलं वाचलं होतं. हाताचा कागद आला, तोही आधी चुकीचाच वाचला.”

“इंग्रजीच्या शिक्षिकेने?”

“हो. इंग्रजीच्या शिक्षिकेने.”

बिवलकर इतका वेळ इंग्रजीत बोलत होते. ते एकदम मराठीत म्हणाले, “बाई, हे असलं इंग्रजी याला शिकवलं कोणी?”

“मी शिकवलं, साहेब. शब्द शिकवले. वाक्य शिकवायचं राहिलं.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मान वर न करता.

निकालाला अडीच महिने लागले, पण आताच सांगून टाकते. टाईप केलेला जबाब त्यांनी बाजूला ठेवला. दुरुस्ती करणाऱ्याने जबाब देणाऱ्याला अर्थ विचारायला हवा होता, असा शेरा मारला. सेकंड ऑफिसरची पुढे वेगळी चौकशी झाली, तीत त्याने दोराकडे न पाहता, धक्क्याकडे बघता बघताच ‘ऑल क्लिअर’ म्हटल्याचं कबूल केलं. दिगंबरची सीडीसी परत मिळाली. तो पुढे अकरा वर्षं बोटीवर होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी परतीच्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. पेण आलं तेव्हा मीच म्हटलं, “पत्राचं मी तुला सांगायला हवं होतं.”

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “सासूने गावभर सांगितलंय.”

“मग तू माझ्याकडे कागद घेऊन का आलास?”

“दुसरं कोण वाचणार होतं?” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “बाई, साहेबांना सांगून झालं. आता माझ्या घरात सांगाल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाखाडी उतरले. भागीरथीबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. वनिता अंगणात पोरीचे कपडे वळणीवर घालत होती. मी ओट्याच्या कडेला बसले. पाणी कोणी विचारलं नाही.

मी सांगितलं. आधी कागद काय होता, मग हाताचा कागद काय होता, मग कार्ड. इंग्रजीत कर्ता आधी येतो आणि मराठीत पुढेमागे झाला तरी चालतो, हे म्हातारीला कसं सांगायचं ते मला रात्रभर सुचलं नव्हतं. शेवटी एवढंच म्हटलं, “भागीरथीबाई, त्या कागदातच उलटं टाईप झालं होतं, आणि मीही उलटंच वाचलं. दिगंबरने साहेबाला सांगितलं नव्हतं. साहेबाने दिगंबरला सांगितलं होतं.”

त्यांचे हात थांबले नाहीत. “तवा पन तुमीच वाचलात.”

“हो.”

“आता पन तुमीच वाचताय.”

“हो.”

“मग यातला खरा कुठला, ता मी कसा वळखू? मला तर दोन्ही कागद सारकेच दिसतात.”

मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं, त्यांनी बघितलंही नाही. एका बोंबलाचं डोकं खुडून बाजूला टाकलं.

वनिता कधी ओट्याशी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. हातात पिळून काढलेलं फडकं तसंच होतं.

“मला त्याने सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“हेच. आला त्याच दिवशी. बॅग खाली ठेवायच्या आधी. मला साहेबाने सांगितलं ऑल क्लिअर, म्हणून मी चालू केली, असं. मराठीत बोलला, बाई. मला समजेल असं.” तिने फडकं पिळलं. त्यातून पाणी निघालं नाही. “आणि मी तुमचा कागद खरा धरला.”

ती आत गेली. आत पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं, मग कपडे कोंबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली ती पोर कडेवर आणि पिशवी खांद्याला लावूनच. आईकडे न बघता तिने पायात चपला सरकवल्या.

भागीरथीबाईंनी बोंबील निवडणं सोडलं नाही. मान वर केली नाही. वनिता अंगणाच्या कडेला पोचली तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरीची टोपी ऱ्हायली वळनीवर. बाहेर ऊन हाय.”

वळणी माझ्या डोक्यावरच होती. मी उठून टोपी काढली, अंगण ओलांडून वनिताला नेऊन दिली. ती घेताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पोरीच्या डोक्यावर घातली, कानाखाली बंद बांधले आणि पाखाडी चढायला लागली.